तिसऱ्या दिवसाची साक्ष

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या वैभववाडी तालुक्यातला शेतकरी दिवसातले कितीतरी तास ओल्या कपड्यांत असतो. लावणीच्या दिवसांत पाय चिखलात, कमरेला ओले कापड, अंगावर इरले नाहीतर रेनकोट. पायाच्या बोटांत चिखल्या होतात. जांघेत आणि करगोट्याखाली गजकर्ण उठते. रात्री खाजेने झोप लागत नाही. सकाळी तो माणूस बाजारात येतो, मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो आणि म्हणतो, "ती मागची ट्यूब देवा." ट्यूब मिळते. तिसऱ्या दिवशी खाज थांबते.

या तिसऱ्या दिवसावर एक संपूर्ण मत उभे आहे. ते चुकीचे आहे असे मला वाटते आणि ते खोडून काढण्यासाठीच हे लिहीत आहे. पण आधी ते मत त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. दुबळा करून उभा केलेला पूर्वपक्ष पाडण्यात कसला पुरुषार्थ?

पूर्वपक्ष असा. त्वचारोगतज्ज्ञ शहरात बसतात. त्यांच्याकडे जायचे म्हणजे कणकवली गाठा, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते, तपासणीची फी निराळी. एवढे करून डॉक्टर शेवटी ट्यूबच लिहून देणार. मग तीच ट्यूब गावातल्या मेडिकलमधून घेतली तर बिघडले काय? दुकानदार ओळखीचा आहे, वर्षानुवर्षे हाच धंदा करतो, कोणत्या खाजेला काय लागू पडते ते त्याला अनुभवाने कळते. शिवाय या मिश्र मलमात बुरशीवरचे औषध आहे, जंतूंवरचे आहे आणि खाज मारणारेही आहे. रोग कोणताही असो, तिघांपैकी एक तरी लागू पडणारच. लावायचे औषध वरच्या वर राहते, गोळीसारखे पोटात जात नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गुण येतो. ज्याला गुण आला त्याला औषध चुकीचे होते असे कोणत्या तोंडाने सांगणार? 'चिठ्ठीशिवाय औषध नाही' हा नियम ज्यांच्या दारात डॉक्टर आहे त्यांची चैन आहे. ती घाटाखालच्या माणसावर का लादता?

यातले अंतर खरे आहे. बुडणारी मजुरी खरी आहे. हे मत मांडणारे लोक रुग्णाचे वैरी नाहीत, बहुतेक वेळा त्याचे शेजारी आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

त्यांचा सर्वांत बळकट साक्षीदार म्हणजे 'गुण येतो'. त्याचीच उलटतपासणी आधी करू.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, निर्जीव थरात राहते. तिथले केराटिन हे तिचे अन्न. लाली, खाज, कडेची उठलेली वाटोळी रेघ ही बहुतांशी शरीराच्या प्रतिकाराची चिन्हे आहेत. शरीराने घुसखोर ओळखलेला असतो आणि त्याला बाहेर लोटण्याचे काम चाललेले असते. त्या मिश्र ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड असते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवते आणि दाह दाबते, म्हणजे नेमका हा प्रतिकारच दाबते. लाली फिकी पडते, खाज थांबते. बुरशी मात्र जागेवरच असते, आणि आता तिला हटकणारे कुणी नसते. कुत्र्याचे भुंकणे थांबले म्हणून चोर गेला असे होते का?

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. आयव्ह आणि मार्क्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९६८ मध्ये स्टिरॉइड लावून रूप बदललेल्या गजकर्णाचे वर्णन केले आणि त्याला 'टिनिया इनकॉग्निटो' हे नाव दिले. अर्थ असा की वेष पालटलेले गजकर्ण. कडेची रेघ पुसट होते, गोल आकार मोडतो, एकात एक वर्तुळे दिसू लागतात आणि चट्टा पसरतो. मग अनुभवी डोळ्यालाही ते इसब वाटू शकते. इसब समजून पुन्हा स्टिरॉइड दिले जाते. म्हणजे ज्या औषधाने गुण आला असे आपण म्हणतो, त्याने रोग लपवला आणि वाढवला.

तेव्हा साक्ष तिसऱ्या दिवशी घ्यायची की चाळिसाव्या? चाळिसाव्या दिवशी तोच माणूस पुन्हा काउंटरवर असतो, या वेळी पोटावरच्या चट्ट्यासह. दुकानदाराला वाटते, गिऱ्हाईक समाधानाने परत आले. त्याच्या अनुभवाची मोठी उणीव हीच आहे की परत येणे हा त्याच्या लेखी गुणाचा पुरावा ठरतो, आणि खरे तर तो अपयशाचा पुरावा असतो. अनुभव वीस वर्षांचा असला, तरी चुकलेली गोष्ट जिथे नोंदलीच जात नाही तिथे तो अनुभव काय शिकवणार?

प्रतिपक्ष विचारील, हे सगळे खरे असते तर या ट्यूबवर लोकांचा एवढा विश्वास बसलाच कसा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सिंधुदुर्गात काजूच्या बागेत सापडते.

काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की फोड उठतात, कातडी सोलवटते. आंब्याच्या चिकानेही कित्येकांच्या तोंडाभोवती चट्टे पडतात. बिब्ब्याने उठणे तर आजीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली, आणि त्यांच्या रसातली दाहक द्रव्येही एकमेकांची नातलग. या त्रासात बुरशी नाही, जंतू नाही, आहे तो निव्वळ दाह. त्यावर योग्य ताकदीचे स्टिरॉइड मोजके दिवस लावले तर खरोखरच बरे वाटते. आता असे पाहा. एप्रिलमध्ये काजू फोडून हात उठलेली बाई तीच ट्यूब नेते आणि बरी होते. जुलैमध्ये तिचा नवरा जांघेतल्या गजकर्णाला तीच ट्यूब लावतो. घरात पुरावा आहे, कपाटात अर्धी उरलेली ट्यूब आहे, मग शंका कशाला घ्यायची? बायकोच्या हाताने मिळवलेली पत नवऱ्याच्या जांघेत खर्ची पडते. एकच औषध, एकच घर, निकाल उलटे. फरक फक्त निदानाचा. आणि निदान ट्यूबमध्ये नसते.

'तिघांपैकी एक लागू पडेल' हा युक्तिवाद वरवर चतुर आहे. पण ही तीन औषधे तीन वेगळ्या बाणांसारखी सुटत नाहीत. गजकर्णात तिसरे औषध पहिल्याच्या विरुद्ध काम करते. बुरशी मारायची आणि तिच्याशी लढणाऱ्या शरीराचे हातही बांधायचे, हा कसला उपचार? त्याहून घातक गोष्ट वेळेची आहे. बुरशीवरचे औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही काळ लावावे लागते, तेव्हा मूळ जाते. स्टिरॉइड तिसऱ्या दिवशी खाज घालवते आणि खाज गेली की ट्यूब कपाटात जाते. म्हणजे या मिश्रणातले बुरशीवरचे औषध जरी चांगले असले, तरी त्याला पुरते दिवस मिळतच नाहीत. लवकर आलेला आराम खऱ्या औषधालाच अर्ध्यावर थांबवतो.

केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार तज्ज्ञांनी पुन्हा छाननी केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी केलेली त्वचेची काही मलमेही त्या यादीत होती. 'तिघांपैकी एक' हा तर्क तज्ज्ञांच्या छाननीत टिकला नाही.

'लावायचे औषध वरच्या वर राहते' या समजुतीला मी अधिक जागा देणार आहे, कारण तिच्यामुळे सर्वांत जास्त नुकसान होते.

कातडी म्हणजे सगळीकडे सारख्या जाडीचा पत्रा नव्हे. फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते ते मोजले. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूचे शोषण एक धरले, तर तळपायाचे त्याच्या सातव्या भागाइतके भरले, कपाळाचे सहापट, जबड्याचे तेरापट आणि वृषणावरच्या कातडीचे बेचाळीस पट. बेचाळीस! वैभववाडीच्या पावसात गजकर्ण कुठे होते? नेमके तिथेच, नाहीतर त्याच्या शेजारी. तळपायाच्या जाड भेगांसाठी ज्या ताकदीचे मलम लागते तेच जांघेत चोळणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून वाचकानेच ठरवावे. ओले कापड वरून घट्ट बसलेले असले तर शोषण आणखी वाढते.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे, पण रुंद, पट्टे उमटतात. हे पट्टे पुढे फिके पडतात, पूर्ण जात नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाच्या मांडीवर हे पट्टे आयुष्यभरासाठी उमटतात, एका ट्यूबच्या किमतीत. आणि परिणाम कातडीवरच थांबतो असेही नाही. क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते. दिवसाला दोन ग्रॅम इतक्या थोड्या मलमानेही शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड तयार करणारी यंत्रणा दबू शकते, हेही तिथेच नोंदलेले आहे. मग 'वरच्या वर' राहिले ते काय?

खरजेचे थोडक्यात सांगतो. खरूज किड्याने होते. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावले नाही तर ती फिरत राहते. मिश्र ट्यूब तिची खाज दाबते, किडा एका अंथरुणातून दुसऱ्या अंथरुणात जातो. आणि पांढुरक्या चट्ट्याचे तर विचारूच नका. त्या चट्ट्यावर कापसाच्या टोकाचा स्पर्श कळतो की नाही, हे काउंटरवर कोण पाहतो? स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेवर सुरू केली तर हातापायाची बोटे वाचतात. ट्यूबने गेलेले सहा महिने त्या बोटांच्या हिशेबातून वजा होतात.

आता आणखी एक प्रचलित स्पष्टीकरण. हल्ली गजकर्ण औषधांना दाद देत नाही, हे सगळेच म्हणतात आणि ते खरे आहे. कारण म्हणून दमट हवा, जीन्स आणि घट्ट कपडे पुढे केले जातात. कपड्यांचा वाटा मी नाकारत नाही. पण कोकणात दमट हवा काय परवा आली? या भागात पाऊस पिढ्यान्‌पिढ्या असाच कोसळतो आहे. मग गेल्या दहा-बारा वर्षांतच घरेच्या घरे गजकर्णाने का भरली? देशभर आढळणाऱ्या या चिवट बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव दिले. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे मुख्य औषध. ते ज्या एन्झाइमवर काम करते, त्या एन्झाइमच्या जनुकातच या बुरशीच्या अनेक वाणांनी बदल करून घेतला आहे. न्यूयॉर्कच्या रुग्णांमध्येही ती सापडल्याचे २०२३ मध्ये नोंदले गेले. हा बदल एकट्या स्टिरॉइडने घडवला असे मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण अर्धवट मारलेली बुरशी, दाबून ठेवलेला प्रतिकार आणि महिनोन्‌महिने घरभर फिरणारा संसर्ग ही परिस्थिती कुणाला मानवते, माणसाला की बुरशीला? नावातच हिंद असलेली बुरशी जगभर फिरते आहे. तिच्यासाठी हवामानाला एकट्याला दोषी धरता येणार नाही.

'दुकानदाराला कळते' आणि 'डॉक्टरला कळते' या दोन्ही विधानांना एकाच तराजूत तोलणारा एक अभ्यास आपल्या देशात झालेला आहे. बारा केंद्रांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. निष्कर्ष २०११ मध्ये भारतीय त्वचारोग नियतकालिकात छापून आले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. १२६ जण तर ते गोरे होण्यासाठी, सर्वसाधारण क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावत होते. २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवले होते आणि त्यांतल्या २३२ जणांना सुचवलेले स्टिरॉइड तीव्र किंवा अतितीव्र होते. म्हणजे अनुभवी सल्ला दहापैकी नऊ वेळा जहाल औषधाकडे बोट दाखवत होता, तेही चेहऱ्यासाठी.

पण न्याय सर्वांना सारखा. उरलेल्या १७६ जणांना डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली होती, आणि त्यांतल्या १४६ जणांनी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालवून अयोग्य रीतीने औषध घेतले होते. हा आकडा माझ्या बाजूला गैरसोयीचा आहे, म्हणून तो मी मुद्दाम इथे ठेवतो. चिठ्ठी म्हणजे जबाबदारी नव्हे. 'दोन वेळा लावणे' एवढेच लिहिलेली चिठ्ठी काउंटरवरच्या सल्ल्याहून फारशी वेगळी नाही. कुठे लावायचे, किती लावायचे, कोणत्या तारखेला थांबायचे आणि न थांबल्यास काय होईल, हे जिच्यावर नाही ती चिठ्ठी अपुरी. मापही सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. फिनले आणि लाँग यांनी १९९१ मध्ये हे माप रूढ केले. निरक्षर आजीलाही ते बोटावर दाखवता येते. दाखवायला अर्धे मिनिट लागते, आणि तेवढेही न दिलेल्या डॉक्टरने दुकानदाराला नावे ठेवू नयेत.

गोळ्यांच्या बाबतीत हे अधिकच कठोरपणे लागू आहे. सोरायसिसला दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत. चिठ्ठीवर 'सोमवार' हा शब्द लिहिलेला असणे आणि नसणे यात एका जिवाचे अंतर आहे. गजकर्णाला हल्ली सर्रास दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या आधी रुग्णाच्या हृदयाची चौकशी करावी लागते. पायाला सूज येते का, जिना चढताना दम लागतो का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे प्रश्न काउंटरवर विचारले जातात का? आणि सगळ्या दवाखान्यांत तरी विचारले जातात का?

दुसऱ्या टोकालाही थारा देता कामा नये. स्टिरॉइडचे दुष्परिणाम ऐकून काही लोक 'स्टिरॉइड म्हणजे विष' असे म्हणू लागले आहेत. हेही तितकेच असत्य. १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी लावण्याच्या हायड्रोकॉर्टिसोनचा गुण दाखवला आणि इसबाने रात्ररात्र तळमळणाऱ्या मुलांना प्रथमच झोप लाभली. पेम्फिगस या फोडांच्या रोगात पूर्वी बहुतेक रुग्ण मरत. स्टिरॉइड आल्यावर ते जगू लागले. एवढे मोलाचे औषध आपण गजकर्णावर उधळून त्याचे नाव खराब केले, आणि आता ज्या इसबाच्या मुलाला ते हवे आहे त्याची आई ते लावायला घाबरते. गैरवापराचा हा दुसरा बळी कुणाच्या नजरेत येत नाही.

राहिला अंतराचा मुद्दा. तो मी शेवटी ठेवला, कारण प्रतिपक्षाचा तोच खरा मुद्दा आहे.

गजकर्ण ओळखायला कोल्हापूर लागते, हे गृहीतच चूक आहे. चट्ट्याच्या कडेची चिमूटभर साल खरवडायची, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बुरशीचे धागे दिसतात. ज्या सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा बेडका तपासतात, तोच इथे चालतो. वैभववाडीत ग्रामीण रुग्णालय आहे. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरला चट्टा दाखवता येतो. या सोयी पुरेशा आहेत असा माझा दावा नाही. तालुक्याला त्वचारोगतज्ज्ञाची ठरावीक वारी हवी, ग्रामीण रुग्णालयात ही साधी तपासणी रोज व्हायला हवी, आणि ही मागणी आपण मोठ्याने केली पाहिजे. पण सोय अपुरी आहे म्हणून चुकीचे औषध बरोबर ठरते, हा कोणता न्याय?

मजुरीचा हिशेबही पूर्ण मांडावा. सुरुवातीला एक खेप वाचते. पुढे ट्यूबमागून ट्यूब येते, चट्टा वाढतो, बायकोला होतो, मुलांना होतो, आणि वर्षभराने सगळे घर कोल्हापूरला जाते. तेव्हा उपचार आठवड्यांचा राहिलेला नसतो, महिन्यांचा झालेला असतो. पहिली खेप वाचवून किती खेपा विकत घेतल्या?

नियम ही चैन आहे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे की लावण्याच्या स्टिरॉइडना अनुसूची 'एच'मधून, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतून, दीर्घकाळ सूट होती. चिठ्ठीविना त्यांची विक्री होत राहिली, आणि गजकर्णाची ही साथ त्याच सुटीच्या काळात वाढली. देशभरचे त्वचारोगतज्ज्ञ पाठी लागल्यावर २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइडची सूट काढली गेली. सूट असताना गरिबाचे भले झाले असते तर ती काढण्याची वेळच आली नसती. नियमाचे पालन मात्र काउंटरवर होते, दिल्लीत नाही.

निकाल वाचकांनी द्यायचा आहे, आणि त्यासाठी दूर जायला नको. घरातल्या कपाटातली अर्धी वापरलेली ट्यूब काढा. तिच्यावरची बारीक अक्षरे उजेडात वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले, आणि ती कोणत्या रोगासाठी, कोणत्या जागेसाठी, किती दिवसांसाठी दिली होती हे घरात कुणालाच सांगता आले नाही, तर ती कुणाच्याही अंगाला लावू नका. कुणी ती महिनोन्‌महिने लावत असेल, तर एकदम बंद केल्यावर लाली आणि खाज उसळून येते. ते पाहून घाबरून पुन्हा ट्यूब उचलू नका. ती ट्यूब आणि तो चट्टा, दोन्ही घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा आणि सालीची तपासणी करून मागा.